सोवळ्यातला लॅपटॉप

लॅपटॉप दुरुस्त होऊन घरी आला आणि पहिल्याच स्पर्शात चिन्मयला चावला. चावला हाच शब्द बरोबर. त्यानं चार्जर लावला, भिंतीवरचं बटण दाबलं, देवघरापुढच्या फरशीवर अनवाणी मांडी घालून बसला, झाकण उघडलं आणि कडेच्या पत्र्यावर तळहात टेकला, तेवढ्यात मनगटापासून कोपरापर्यंत कातडीखालून उंदीर पळाल्यासारखं काहीतरी पळालं. त्यानं हात ओढून घेतला. ओढलेला हात छातीशी जायला हवा होता, नाहीतर तोंडात; माणसं भाजलं की बोट तोंडात घालतात. चिन्मयचा हात गेला गालावर. डाव्या. पंजा बाहेर, कोपर वर, मान खांद्यात. मेकॅनिकलची पदवी घेतलेला, दाढी राखलेला, आडव्या हाडाचा एक माणूस घरात कोणी नसताना मार चुकवायच्या बैठकीत बसून राहिला, आणि समोरचा पडदा शांतपणे उजळला. चांगला उजळला. आधी त्यावर हिरवे पट्टे यायचे, ते साफ गेले होते. दुरुस्ती उत्तम झाली होती, त्याबद्दल वाद नाही.

हा लॅपटॉप म्हणजे घरातला कमावता माणूस. चिन्मयचे वडील अनंतगुरुजी. नांदुऱ्यात त्यांना न ओळखणारा माणूस एक तर काल गाडीतून उतरलेला असणार किंवा नास्तिक. इकडं वरवट बकाल गावापर्यंतच्या वास्तू, मुंजी, लग्नं त्यांच्या मऊ आवाजानं पार पडलेली. बायका म्हणायच्या, गुरुजी बोलले की दुधावर साय धरते. मग ज्यांच्या मुंजी लावल्या ती पोरं शिकून जर्मनीला आणि दुबईला गेली, तिथं त्यांनी फ्लॅट घेतले आणि त्या फ्लॅटांच्या छताला अशी यंत्रं निघाली, की उदबत्ती लावली तरी बोंबलतात आणि खाली अग्निशामक गाडी येते. तेव्हा होम नांदुऱ्यात आणि यजमान पडद्यावर, अशी विभागणी झाली. कॅमेरा चिन्मय सांभाळायचा. चार वर्षं पुण्यात इंजिनीअरिंग करून, दोन कंपन्यांतून परत येऊन, तो हे करत होता. गुरुजी यजमानांना ओळख करून देत, "हा आमचा ऑपरेटर." मुलगा आहे हे सांगायचं दर वेळी राहून जायचं. गेल्या महिन्यात दुबईच्या एका सत्यनारायणात नेट गेलं आणि यजमान ऐन आरतीत तोंड वासून गोठले. गुरुजींनी त्या गोठलेल्या तोंडापुढं आरती पूर्ण केली, प्रसाद दाखवला, हसून निरोप घेतला, सोवळं सोडलं, रेशमी कद घडी करून ठेवला, आणि मग परत येऊन लॅपटॉपच्या पाठीत एक ठेवून दिली. एकच. बिजागरी निखळली, पडद्यावर हिरवे वळ उठले. चिन्मयला त्या यंत्राबद्दल त्या दिवशी पहिल्यांदा आपुलकी वाटली.

कारण ही पद्धत त्याला पाठ होती. सोवळ्यात असताना गुरुजी कोणाला शिवत नसत, त्यामुळं मारतही नसत. चिन्मय लहानपणी काही सांडायचा, फोडायचा, किंवा पाहुण्यांपुढं नको ते खरं बोलायचा, तेव्हा गुरुजी मंत्र न तोडता नुसती मान वळवायचे आणि दोन मंत्रांच्या मधल्या जागेत म्हणायचे, "सोवळं सुटलं की ये." झालं. मग तो मागच्या दाराच्या पायरीवर जाऊन बसायचा. दवाखान्यात नंबर लावून बसतात तसा. आत पूजा चालू असायची, घंटा, शंख, कापराचा वास. पूजा जितकी लांबेल तितकं बरं, आणि जितकी लांबेल तितकं वाईट. गालाला आधीच झिणझिण्या यायच्या. शेवटी लाकडी खुंटीवर कद पडल्याचा मऊ आवाज यायचा. बाकीच्या पोरांचे बाप रागात मारायचे, मारून झाल्यावर रडायचे किंवा पेढे आणायचे. गुरुजींना राग येतच नसे. ते अंगणात रोपाला पाणी घालावं तसं मारत. जेवढं लागतं तेवढं, मुळाशी. आईला डाव्या कानानं ऐकू येत नाही. शेगावच्या डॉक्टरनं कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, थंडी. डॉक्टरनं कागदावर थंडी लिहिलं. गुरुजी शेजारीच बसले होते, त्यांनी डॉक्टरला विचारलं, मफलर बांधला तर फरक पडेल का.

चावल्यावर चिन्मयनं तो लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत राजकुमारकडं नेला. राजकुमारचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. पूर्वी तो विहिरीवरच्या मोटारी भरून द्यायचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तांब्याची तार गुंडाळायचा; पाच वर्षांपूर्वी त्यानं पाटीवर 'लॅपटॉप' हा शब्द वाढवला, बाकी दुकान तसंच ठेवलं. चिन्मय आत गेला तेव्हा तो एका मोटारीत कोपरापर्यंत हात घालून बसला होता, जनावराचं बाळंतपण करत असल्यासारखा.

"या लहाने महाराज. काय म्हन्ते मशीन?"

"करंट मारते."

"कितीक?"

"कितीक म्हणजे?"

"म्हंजे मुंगी चावल्यावानी का इचू चावल्यावानी?"

चिन्मयनं प्रामाणिकपणे विचार केला. "दोघांच्या मधलं."

"मंग नॉर्मल हाय," राजकुमार म्हणाला आणि मोटारीत परत शिरला.

"नॉर्मल कसं? दुरुस्तीला दिलं तेव्हा मारत नव्हतं."

"तवा स्क्रीन चालत होती का? नाई ना. आता स्क्रीन चालते. एक जाते, एक येते. तुमचा चार्जर बी जळेल होता, तो म्या खोलून आतून जोडून देला, त्याचे पैसे नाई लावले. तिसरी पिन बोर्डात बसत नव्हती, ते तोडली. ते तशीबी फालतूच रायते." मग त्यानं चार्जर लावला, हाताचा मागचा भाग पत्र्याला टेकवून पाहिला, डोळे मिटले, चव घेतल्यासारखं तोंड केलं. "हाव. आहे थोडासा. तुमी चप्पल घालून बसत जा."

"देवघरात? पूजेत?"

"मंग खडावा घाला. खडावा चालते ना तुमच्यात."

"बाबा वापरतात हा. अंघोळ करून ओल्या पंचानं बसतात. फरशीवर. आणि सोवळ्यात घ्यायचा म्हणून आधी ओल्या फडक्यानं पुसतात."

राजकुमारनं मोटारीतून दोन्ही हात बाहेर काढले. पहिल्यांदाच. "कोनाले, लॅपटॉपले?"

"हो."

"वल्ल्या फडक्यानं?"

"गंगाजलाचे दोन थेंब टाकून."

राजकुमारनं हात फडक्याला पुसले. "लहाने महाराज, मंग नवीन चार्जर घ्या. अकोल्याहून मागवा लागते, चार-आठ रोज लागतीन. तवरोक वल्ल्या आंगानं नोका हात लावू देऊ मोठ्या महाराजाईले."

"लावला तर काय होईल?"

"काई नाई," राजकुमार म्हणाला. "झालं त एकदाच होईन."

चिन्मय हसला. राजकुमार हसला नाही. लॅपटॉप पोटाशी धरून चिन्मय उन्हातून घरी निघाला आणि पुलाखाली आल्यावर त्याच्या लक्षात आलं, की आपण अजून हसतोय. पुलावरून मालगाडी जात होती, लांबलचक, कोळशाची, आणि तिचा दणका तळपायातून वर चढून दातांत वाजत होता. त्याला वाटलं, हे यंत्र मार खाऊन दुरुस्तीला गेलं आणि चावायला शिकून आलं. आपणही मार खाऊन पुण्याला दुरुस्तीला गेलो होतो. चार वर्षं. काहीच शिकून आलो नाही. उलट बिजागरी जास्त गुळगुळीत झाली, कोणीही कितीही वाकवावं. त्यानं बापाला मनात आजवर पुष्कळदा मारलं होतं. एकदा पूर्णेच्या डोहात बुडवलं होतं, एकदा समईनं, एकदा होमाच्या तुपाच्या कढईत डोकं धरून. पण मन इतकं नेभळट, की तिथंही गुरुजी मध्येच मऊ आवाजात सांगायचे, "असं नाही धरत समई. खालून धर. तेल सांडतंय." आणि तो खालून धरायचा. एकही खून सरळ पार पडला नव्हता. आज पहिल्यांदाच, पुलाखालून बाहेर पडताना, काहीच धरावं लागत नव्हतं. नुसतं न बोलणं बाकी होतं. आणि न बोलण्यात तो पटाईत होता, त्या विषयात त्याला घरी लहानपणापासून शिकवणी होती.

तरी तो बोलायला गेला. रात्रीच्या जेवणात म्हणाला, "बाबा, तो लॅपटॉप—" गुरुजी म्हणाले, "जेवताना यंत्रांबद्दल बोलू नये." दुसऱ्या दिवशी सकाळी म्हणाला, "बाबा, दुरुस्तीत जरा गडबड—" गुरुजी म्हणाले, "गडबड दुरुस्तीत नाही, निवडीत. मी सांगितलं होतं खामगावला ने." ते खरंच सांगितलं होतं. मग तो स्वयंपाकघरात गेला. आई, सुलभा, पाटावर बसून होमासाठी तूप कढवत होती. तो तिच्या उजव्या बाजूला बसला. घरात सगळेच तिच्या उजवीकडं बसत, सवयीनं, जसं देवाच्या डावीकडं समई.

"आई, तो लॅपटॉप करंट मारतो."

"कोणाला?"

"ज्यानं हात लावला त्याला. ओल्या हाताला जास्त."

आईनं कढईतलं तूप हलवलं. तळाशी बेरी तांबूस होत होती. "मग सांग त्यांना."

"दोनदा गेलो. तू सांग ना."

"मी काऊन सांगू?" ती म्हणाली. रागानं नाही. खरंच विचारत असल्यासारखी. तिनं गॅस बंद केला, तूप गाळायला घेतलं आणि जरा वेळानं म्हणाली, "शनिवारी आहे ना तुझ्या त्या विहंगची वास्तू? आंब्याचे डहाळे आणून ठेव." घरात तिघं राहत होते आणि आता दोघांना माहीत होतं. त्या दिवसापासून जेवणं फार छान होऊ लागली. आई न सांगता भरीत करायची, चिन्मय न सांगता ताटं घ्यायचा, दोघं गुरुजींना आग्रह करायचे. लग्नघरात असतं तसं काहीतरी घरात होतं. गुरुजींनी एकदा मान वर करून दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाले, "काय करून राहिले तुम्ही दोघं?" आई म्हणाली, "काही नाही. पोळी वाढू?"

शनिवारी सकाळी सगळं मांडून झालं. चौरंग, कलश, सुपाऱ्या, होमाचं कुंड, ताम्हण, आणि या सगळ्यांच्या समोर, त्याच मानानं, एका वेगळ्या पाटावर लॅपटॉप. जर्मनीत नुकतं उजाडत होतं. विहंग शाळेत चिन्मयच्या बाकावर बसायचा आणि भूमितीत त्याचंच बघून लिहायचा. आता तो सोनेरी काठाचं उपरणं घेऊन पांढऱ्या सोफ्यापुढं बसला होता, शेजारी नऊवारीत नीरजा, त्याची बायको, झोप डोळ्यांवर असलेली. "काय ऑपरेटरसाहेब," विहंग म्हणाला, "कॅमेरा जरा खाली घ्या, नाहीतर गुरुजींचं फक्त टक्कल दिसेल." नीरजा हसली. आतून गुरुजी आले. केसांच्या कडेतून पाणी मानेवर, मानेवरून पाठीवर, ओल्या पंचातून फरशीवर. ते चालत आले तशी मागं ओल्या पावलांची रांग उमटली. त्यांनी ओलं फडकं पिळलं आणि लॅपटॉप पुसला, पाठीवरून, कडांवरून, हलक्या हातानं, गाईची पाठ पुसावी तसा. चार्जर लावलेला नव्हता. काही झालं नाही. चिन्मयला धापा लागल्यासारखं झालं आणि त्याच्या लक्षात आलं, की ही सुटका नाही, हिरमोड आहे.

पूजा चालू झाली. गणपती झाला, पुण्याहवाचन झालं, होम पेटला. तुपाचा धूर कॅमेऱ्यात गेला आणि विहंगच्या छतावरचं यंत्र मुकाट राहिलं, यावर थोडा विनोद झाला. मग पडद्याच्या कोपऱ्यात बॅटरीचा लाल तुकडा दिसू लागला. गुरुजींनी मंत्र न तोडता मान वळवली आणि दोन मंत्रांच्या मधल्या जागेत म्हणाले, "लाव." चिन्मयनं चार्जर लावला. भिंतीवरचं बटण दाबलं. आई दारात उभी होती, हातात प्रसादाचं पातेलं घेऊन. आणि मग चिन्मय बोलला. हे सांगायलाच हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलला. म्हणाला, "बाबा, आता लॅपटॉपला हात लावू नका."

सव्वीस वर्षांत त्यानं बापाला केलेली ही पहिली आज्ञा. यजमानांसमोर. सोवळ्यात असलेल्या माणसाला. त्यानं ते सांगितलं नसतं तर गुरुजींनी कदाचित लॅपटॉपला हात लावलाही नसता, लावायचं काही कारण नव्हतं. वाक्य तोंडातून बाहेर पडत असतानाच चिन्मयला कळत होतं की आपण काय करतोय. इतक्या वर्षांत त्याला हा माणूस इतका पाठ झाला होता. गुरुजी हसले. यजमानांसाठीचं हसू. डावा हात तांब्याच्या ताम्हणात होता तसाच ठेवून त्यांनी उजवा हात उचलला, सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, आणि पूर्ण पंजा पसरून लॅपटॉपच्या पत्र्यावर ठेवला. पडदा नीट करायला. तो नीटच होता.

मंत्र मध्येच थांबला. एवढंच आधी झालं. मग गुरुजींच्या मानेच्या शिरा दोऱ्यांसारख्या उठल्या, पंजा पत्र्यावर मिटला, डोळे चिन्मयवर खिळले आणि घशातून एक आवाज येऊ लागला, बारीक, सलग, मुका. पाण्यात पडलेल्या पिठासारखा चेहरा पांढरा होत गेला. ताम्हण फरशीवर थडथडत होतं. चिन्मय बघत होता. किती वेळ, ते त्याला नंतर कधीच सांगता आलं नाही. त्या वेळात त्याला पायरी दिसली, कापराचा वास आला, आणि त्याचा स्वतःचा गाल पहिल्यांदाच थंडगार होता. शिकलेलं कुठं वाया जात नाही. करंट लागलेल्या माणसाला हातानं शिवू नये, कोरड्या लाकडानं मारून सोडवावं, हे त्याला पदवीच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्यानं बाजूचा सागवानी पाट उचलला, नीट, दोन्ही हातांनी, आणि बापाच्या मनगटावर मारला.

हात सुटला. लॅपटॉप मागं कलंडला, कॅमेरा छताकडं गेला. गुरुजी कुशीवर पडले. काम झालं होतं. एका फटक्यात माणूस वाचला होता, कोणीही शाबासकी दिली असती. चिन्मयनं दुसरा मारला. तो कोपराखाली बसला, आणि आत काहीतरी ओल्या फांदीसारखं वाजलं. तिसरा खांद्यावर. हात भरून येत होते, छान वाटत होतं, दळण दळल्यासारखं, आणि या वेळी कोणी म्हणत नव्हतं की असं नाही धरत पाट. चौथ्यासाठी त्यानं पाट वर नेला तेव्हा गुरुजींनी चेहऱ्यापुढं हात घेतला. पंजा बाहेर, कोपर वर, मान खांद्यात. चिन्मय थबकला. ती बैठक त्यानं आजवर बाहेरून कधी पाहिली नव्हती. ती इतकी हास्यास्पद दिसत असेल असं त्याला वाटलं नव्हतं. समोरच्या माणसाला ती पाहून आणखी मारावंसं का वाटतं, ते त्याला त्या क्षणी, कोणी न सांगता, समजलं. आणि त्यानं चौथा मारला.

"गुरुजी," छताकडं तोंड केलेल्या लॅपटॉपमधून विहंगचा आवाज आला, "आम्हाला फक्त पंखा दिसून राहिला. आवाज येतोय. नारळ फोडून राहिले का? आम्ही पण फोडू का इकडं?"

"फोडा," आई म्हणाली.

जर्मनीत धप्प आवाज झाला. मग आणखी एक. नीरजा म्हणाली, फुटत नाहीये रे, जोरात मार ना.

चिन्मयनं वळून पाहिलं. आई भिंतीशी उभी होती, पातेलं खाली ठेवलेलं, बोट बटणावर. बटण बंद होतं.

"कधी बंद केलंस?" त्यानं विचारलं.

"तू पाट उचलला तेव्हाच," आई म्हणाली.

म्हणजे पहिल्या फटक्याच्याही आधी. म्हणजे एकाही फटक्याची गरज नव्हती, आणि हे तिला माहीत होतं, आणि ती तिथंच उभी राहून बघत होती. चिन्मयनं पाट खाली ठेवला. त्याला वाटलं आता आपल्याला रडू येईल, किंवा ओकारी, निदान पाय तरी कापतील. भूक लागली.

गुरुजी उठून बसले. कसे बसले ते देवालाच ठाऊक. ओठ निळे, कपाळाला फरशीची माती, उजवा हात मांडीवर पडलेला, मनगटापासून फुगत चाललेला. मग कलंडलेल्या पडद्याकडं मान वळवून ते म्हणाले, "ऑपरेटर, कॅमेरा खाली घे," आणि आवाज मऊ होता. दुधावर साय धरावी असा. चिन्मयनं चार्जर ओढून काढला, फडक्यानं नाही, कोरड्या टॉवेलानं लॅपटॉप सरळ केला. चौकटीत गुरुजी आले. विहंग म्हणाला, "आमचा फुटला, गुरुजी. दोन भाग सारखे आले. चांगलं असतं ना?" गुरुजी म्हणाले, "उत्तम." मग म्हणाले, "आता उजव्या हातात पाणी घ्या, आणि मी सांगतो तसं सोडा."

तिकडं दोन उजवे हात पुढं आले. इकडचा आला नाही. गुरुजींनी त्याच्याकडं पाहिलं, हलवायचा प्रयत्न केला, कपाळावर घामाचे थेंब आले. यजमान वाट बघत होते. मग गुरुजींनी चिन्मयकडं पाहिलं. त्यात राग नव्हता, तो कधीच नव्हता. ते फक्त त्याचे हात कुठं आहेत ते बघत होते. एकदा या हाताकडं, एकदा त्या.

चिन्मय त्यांच्या मागं जाऊन बसला आणि त्यानं तो हात खालून, मनगटाशी धरून उचलला. जड होता. गरम, आणि आतून ठुसठुसत असलेला. लहानपणापासून त्याला या हाताचा फक्त वेग माहीत होता; वजन माहीत नव्हतं. त्यानं तो ताम्हणावर आणला, आईनं पुढं होऊन पळीनं त्यात पाणी घातलं आणि गुरुजी म्हणू लागले, संथ, सुरेल, एकही अक्षर न गाळता. जर्मनीतली दोघं डोळे मिटून ऐकत होती. चिन्मयनं फुगलेल्या जागेवर अंगठा ठेवला. मग थोडा दाबला. नुसतं बघायला. गुरुजींचा आवाज हलला नाही, पण पायाची बोटं वळली. पाणी सुटून ताम्हणात पडलं. त्यानं आणखी थोडा दाबला. आई त्या अंगठ्याकडं बघत होती. तिनं पळी परत भरली.